मुलाचा सुजलेला गुडघा आणि एम.आर.आय.ची चिठ्ठी



एकेकाळी एम.आर.आय. हा शब्द फक्त मोठ्या शहरांतील मोठ्या इस्पितळांत ऐकू येई. आता तो आपल्या गावातील बसथांब्यावर आणि दुधाच्या डेअरीपुढेही ऐकू येतो. कुणाची पाठ दुखली, कुणाचा गुडघा धरला, की शेजारी लगेच सांगतात, "एकदा एम.आर.आय. काढून घ्या, सगळे कळेल." मोठ्या माणसांच्या बाबतीत या सल्ल्याचे काय करावे ते ज्याचे त्याने पाहावे. आज आम्ही लिहीत आहोत ते लहान मुलांविषयी. मुलांच्या सांध्यांच्या आणि स्नायूंच्या आजारात या तपासणीचा उपयोग मोठा आहे. तसाच तिचा गैरवापरही होतो, आणि दोन्हींचा भार शेवटी मुलाच्या अंगावर आणि आईबापांच्या खिशावर पडतो.

आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. मुलाच्या दुखऱ्या सांध्याला आधी जाणत्या डॉक्टरांचा हात लागावा, मग यंत्र. डॉक्टरांना कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे ते ठरल्याशिवाय एम.आर.आय. काढू नये. आणि ते ठरले, की भीतीपोटी किंवा "बघू पुढच्या सुगीनंतर" म्हणून ती टाळूही नये.

संधिवात मुलांनाही होतो

संधिवात म्हणजे म्हाताऱ्यांचा आजार अशी आपली समजूत आहे. ती बरोबर नाही. जॉर्ज स्टिल नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १८९७ साली मुलांच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या संधिवाताचे वर्णन लिहून ठेवले. आज त्या आजाराला ज्युव्हेनाईल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस म्हणतात. सोळा वर्षे पूर्ण होण्याआधी सुरू झालेली, कमीत कमी ६ आठवडे टिकलेली, आणि दुसरे कोणतेही कारण न सापडणारी सांध्याची सूज, ही त्याची व्याख्या होय. पाश्चात्त्य देशांत साधारणपणे हजार मुलांमागे एकाला हा आजार असतो असे मानले जाते. म्हणजे तो काही लाखांत एक असा दुर्मिळ नव्हे. एखाद्या मोठ्या शाळेत असे एखादे मूल सहज असू शकते.

मग तो आपल्याला दिसत का नाही? कारण लहान मूल "माझा सांधा दुखतो" असे म्हणत नाही. ते सकाळी उठल्यावर पाय ओढत चालते. तासाभरात पाय मोकळा होतो आणि ते इतर मुलांमागे धावू लागते. आपण म्हणतो, काल खेळताना कुठेतरी लचकले असेल. ते उकिडवे बसायला टाळाटाळ करते, आपण म्हणतो लाडावले आहे. गुडघा सुजतो, पण तो लाल होत नाही आणि फारसा दुखतही नाही, म्हणून लेप लावून, पट्टी बांधून महिने काढले जातात. कुठे कुठे अजून डागही देतात. डागाने सांध्याची सूज जात नाही. उलट कातडी भाजते आणि मूल पुढे डॉक्टरांच्या हातालाही घाबरते.

"वाढीचे दुखणे" हा शब्दही आपण सैलपणे वापरतो. खरे वाढीचे दुखणे संध्याकाळी किंवा रात्री येते, दोन्ही पायांत येते, चोळल्याने बरे वाटते, आणि सकाळी मूल टुणटुणीत असते. त्यात सांधा सुजत नाही आणि मूल लंगडत नाही. सकाळीच आखडणे, एकाच सांध्यावर टिकून राहिलेली सूज, लंगडणे, ताप, वजन उतरणे यांपैकी काहीही असले तर त्याला वाढीचे दुखणे म्हणू नये.

उशीर झाला तर काय होते हेही सांगायला हवे. गुडघा वाकलेला राहतो. लहान वयात सूज फार दिवस राहिली तर त्या बाजूचे हाड जास्त वेगाने वाढते आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब होतो. काही मुलांच्या डोळ्यांच्या आत याच आजाराची सूज येते. त्यात डोळा लाल होत नाही, दुखत नाही, आणि नजर मात्र हळूहळू जाते. म्हणून अशा मुलाचे डोळे नेत्रतज्ज्ञांकडून स्लिट लॅम्प नावाच्या उपकरणाने वेळोवेळी तपासावे लागतात, धोका अधिक असलेल्या मुलांचे तर दर तीन महिन्यांनी. गुडघ्याची एम.आर.आय. कितीही चांगली काढली तरी ही डोळ्याची तपासणी तिने भरून निघत नाही.

आधी काय पाहावे

जाणते डॉक्टर मुलाला चालायला लावतात, खाली बसून उठायला लावतात, तोंड उघडायला सांगतात, प्रत्येक सांधा हाताने दाबून व हलवून पाहतात. मुलांच्या संधिवाताचे निदान बहुतेक वेळा येथेच होते. रक्ताच्या तपासण्या, साधा एक्स-रे आणि सोनोग्राफी त्याला आधार देतात. सोनोग्राफी स्वस्त आहे, तिला भूल लागत नाही, आणि एकाच बैठकीत गुडघा, घोटा, मनगट असे अनेक सांधे पाहता येतात. हाडाच्या आतले आणि खोल सांध्यातले तिला दिसत नाही, एवढी तिची मर्यादा.

सुरुवातीला हाताने पाहण्याचा आग्रह आम्ही धरतो याचे आणखी एक कारण आहे. सांधा सुजण्याची कारणे पुष्कळ असतात आणि त्यांतली काही थांबायला वेळच देत नाहीत.

मुलाला जोराचा ताप आहे, एक सांधा गरम व सुजलेला आहे, आणि ते पाय टेकवू देत नाही, असे असेल तर सांध्यात पू झालेला असू शकतो. हे तासांचे काम आहे, दिवसांचे नाही. तेव्हा एम.आर.आय.ची तारीख मिळण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी, मग रात्र का असेना, मोठ्या दवाखान्यात न्यावे. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप आला आणि दुखणे एका मोठ्या सांध्यातून दुसऱ्यात फिरू लागले, तर तो ऱ्हुमॅटिक फीव्हर असू शकतो. त्यात सांधे बरे होतात पण हृदयाच्या झडपा बिघडतात. तेथे सांध्याच्या एम.आर.आय.पेक्षा हृदयाची तपासणी आणि दर तीन-चार आठवड्यांनी घ्यावयाचे पेनिसिलिनचे इंजेक्शन महत्त्वाचे. रात्री झोपेतून उठवणारी हाडांची कळ, फिकटपणा आणि अंगावर निळे डाग असतील तर रक्ताचा कर्करोग नाही ना हे आधी पाहावे लागते. एकच सांधा महिनोन्महिने सुजलेला असेल तर आपल्या देशात क्षयाचाही विचार करावाच लागतो.

आणि एक कारण थेट आपल्या गोठ्यातून येते. गायी-म्हशींचा ब्रुसेला हा रोग कच्च्या दुधातून आणि गाभ टाकलेल्या जनावराच्या वारेतून माणसाला होतो. मुलांत तो ताप आणि खुब्याची किंवा गुडघ्याची सूज घेऊन येतो. धारोष्ण दूध ताकदीचे म्हणून पाजण्याची आपली हौस येथे महागात पडते. दूध उकळूनच द्यावे. वार हाताळताना हातमोजे घालावेत, ती खोल पुरावी, आणि मुलांना तेथे फिरकू देऊ नये. कालवडींना व पारड्यांना ४ ते ८ महिन्यांच्या वयात या रोगाची लस एकदाच टोचतात. सप्टेंबर २०१९ पासून केंद्र सरकारच्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ही लस आहे. मुलाचा सांधा सुजला असता घरी कोणती जनावरे आहेत, कुणी गाभ टाकला होता का, कच्चे दूध पिण्यात आले का, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. शहरातल्या डॉक्टरांना हे विचारायचे सुचेलच असे नाही. साध्या रक्ततपासणीने जे कळते त्यासाठी यंत्राकडे धावण्याचे कारण नाही.

यंत्राला काय दिसते

एम.आर.आय.मध्ये मोठे लोहचुंबक आणि रेडिओच्या लहरी असतात. एक्स-रेचे किरण त्यात नाहीत. आपल्या शरीरात पाणी व चरबी भरपूर असते, आणि त्यांतल्या हायड्रोजनच्या कणांना चुंबकाच्या शेजारी ठेवून लहरींनी हलवले, की ते परत जागेवर येताना बारीक संदेश देतात. त्या संदेशांतून चित्र तयार होते. १९७७ च्या ३ जुलै रोजी अमेरिकेत डॉ. रेमंड डमेडियन यांनी या रीतीने माणसाच्या छातीचे चित्र काढले, तेव्हा त्या एका चित्राला जवळजवळ पाच तास लागले होते. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांनी चित्र काढण्याची रीत सुधारली आणि २००३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज एका सांध्याची तपासणी साधारण अर्ध्या ते एका तासात होते.

सूज आलेल्या भागात पाणी जास्त असते. बांधावर उभे राहून पाहिले असता कोरड्या रानात पाझराची जागा जशी वेगळी दिसते, तसा हा भाग एम.आर.आय.च्या चित्रात उजळ दिसतो. साध्या एक्स-रेमध्ये हाड दिसते. पण हाड झिजल्यावरच ते कळते, आणि तोवर उशीर झालेला असतो. एम.आर.आय.मध्ये सांध्याचे सुजलेले अस्तर, आत साठलेले पाणी, कूर्चा, स्नायूबंध आणि हाडाच्या आतल्या मगजातील सूजही दिसते. अस्तर कोणते आणि पाणी कोणते हे नीट वेगळे कळावे म्हणून कधी कधी शिरेतून गॅडोलिनियम नावाचे औषध देतात.

कोठे ती खरोखर लागते

आमच्या समजुतीप्रमाणे चार ठिकाणी या तपासणीला तोड नाही, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास ती करून घ्यावी.

पहिले ठिकाण जबडा. संधिवात झालेल्या मुलांच्या जबड्याच्या सांध्यात सूज येते आणि पुष्कळदा तेथे मुळीच दुखत नाही. खालच्या जबड्याच्या वाढीची जागा याच सांध्याच्या पृष्ठभागाजवळ असते. ती बिघडली की हनुवटी लहान राहते, तोंड एका बाजूला वाकडे उघडते, घास नीट चावता येत नाही. हाताने ही सूज कळणे अवघड. गॅडोलिनियम देऊन काढलेली एम.आर.आय. ती लवकर दाखवते.

दुसरे ठिकाण कंबरेच्या मागचा सांधा, जेथे पाठीच्या कण्याचे खालचे हाड कटीच्या हाडाला जुळते. सहा वर्षांवरील मुलांत, विशेषतः मुलग्यांत, टाचदुखी आणि सकाळी कंबर व नितंब आखडणे असा एक संधिवाताचा प्रकार आढळतो. मूल शेतातल्या कामाला कंटाळले आहे असे आपल्याला वाटते. या सांध्यातील सूज एक्स-रेमध्ये दिसण्याच्या पुष्कळ आधी एम.आर.आय.मध्ये दिसते. त्यासाठी बहुधा गॅडोलिनियमची सुईही लागत नाही.

तिसरे ठिकाण खुबा किंवा असा एकच सांधा, ज्याचे कारण क्षय, गाठ, जुना रक्तस्राव की संधिवात हे इतर मार्गांनी ठरत नाही. येथे एम.आर.आय. नेमकी जागा दाखवते. कधी त्यानंतरही सांध्यातले पाणी किंवा तुकडा काढून तपासावा लागतो. क्षय आहे की नाही हे केवळ चित्र पाहून शपथेवर सांगता येत नाही.

चौथे ठिकाण स्नायू. ज्युव्हेनाईल डर्मॅटोमायोसायटिस हा त्वचेचा व स्नायूंचा आजार आहे. तो विरळा, अमेरिका व ब्रिटनमध्ये वर्षाला दहा लाख मुलांमागे दोन ते चार मुलांना तो होतो. पण ओळखला नाही तर फार छळतो. वरच्या पापण्यांवर जांभळट लाली येते, बोटांच्या सांध्यांवर लालसर खरखरीत चट्टे उठतात. मुलाला जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकावे लागतात, जिना चढवत नाही, केस विंचरायला हात वर जात नाही. गिळताना ठसका लागू लागला किंवा आवाज नाकातून येऊ लागला तर तातडीने दवाखाना गाठावा. १९७५ साली बोहन आणि पीटर या डॉक्टरांनी या आजाराच्या निदानाच्या ज्या कसोट्या सांगितल्या, त्यांत स्नायूत सुया टोचून केलेली विद्युत तपासणी आणि स्नायूचा तुकडा काढणे ही होती. आज मांड्यांची एम.आर.आय. काढली की सुजलेले स्नायू उजळ दिसतात, आणि पुष्कळ मुलांची ती सुई व ती चीर वाचते. तुकडा काढावाच लागला तर तो कोठून काढावा हेही चित्र सांगते.

याच आजारात तिचा आणखी एक मोलाचा उपयोग आहे. उपचार सुरू होऊन वर्ष झाले आणि मूल अजून अशक्त आहे. तेव्हा स्नायूंत सूज शिल्लक आहे, की जुन्या सुजेने स्नायू वाळून तेथे चरबी भरली आहे? पहिल्यात औषध वाढवावे लागते, दुसऱ्यात औषध वाढवून उपयोग नाही, व्यायामाकडे लक्ष द्यावे लागते. हे दोन्ही बाहेरून सारखेच दिसते. एम.आर.आय. ते वेगळे करून दाखवते. तपासणी कोणत्या प्रश्नासाठी करावी याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस सापडत नाही.

यंत्रही फसवते

काही वाचक म्हणतील, पैसे जमत असतील तर आधीच सगळे काढून घेतलेले काय वाईट? वाईट असे, की वाढत्या मुलाचे हाड मोठ्या माणसाच्या हाडासारखे नसते. निरोगी मुलाच्या मनगटाच्या हाडांतही लहान खाचा आणि उजळ ठिपके दिसतात. निरोगी गुडघ्यातही थोडे पाणी असते. कंबरेच्या सांध्यात वाढीच्या वयात जे नैसर्गिक असते ते अनोळखी डोळ्याला सुजेसारखे भासते. मोठ्यांच्याच एम.आर.आय. वाचणाऱ्या डॉक्टरांनी अहवाल दिला तर नसलेला आजार गळ्यात पडण्याची भीती असते. उलट, चुकीच्या जागेची तपासणी झाली तर असलेला आजार राहून जातो. खुब्याचे दुखणे मुले गुडघ्यात दाखवतात; मग गुडघ्याची एम.आर.आय. "नॉर्मल" येते आणि घरचे निर्धास्त होतात.

औषधाने सूज पूर्ण उतरलेल्या मुलांतही कधी कधी एम.आर.आय.मध्ये थोडी सूज शिल्लक दिसते. त्यावरून औषध चालू ठेवावे की नाही याबाबत तज्ज्ञांत अजून एकमत नाही. म्हणून बरे असलेल्या मुलाची "एकदा बघून घेऊ" म्हणून तपासणी करण्याने कधी कधी उत्तराऐवजी नवी काळजीच पदरात पडते.

भीती कोणती धरावी, कोणती सोडावी

एम.आर.आय.ने अंगात करंट जातो, हाडे ठिसूळ होतात, पुढे मूल होत नाही, अशा गोष्टी बोलल्या जातात. त्यांत तथ्य नाही. खरी काळजी घ्यावयाची ती तीन बाबतींत.

एक, लोखंड. हे चुंबक नेहमीच चालू असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूची टाकी हातात घेऊन एम.आर.आय.च्या खोलीत गेलेला एक तरुण नातेवाईक यंत्राकडे ओढला जाऊन मरण पावला. म्हणून तेथील कर्मचारी सांगतील तेवढेच करावे. मुलाच्या केसांतल्या पिना, पैंजण, बांगड्या, करदोटा, पिशवीतली नाणी, मोबाईल, सगळे बाहेर ठेवावे. गळ्यातील क्रूस आणि पदकही काढून आईच्या हाती द्यावे. त्यात अनादर काही नाही. अंगात कोठे धातूची सळई, कानात बसवलेले यंत्र किंवा हृदयाचे यंत्र असल्यास ते आधी सांगावे.

दोन, भूल. चित्र निघेपर्यंत मुलाने मुळीच हलता कामा नये, आणि यंत्र ठोकल्यासारखा मोठा आवाज करते. पाच-सहा वर्षांखालील मुलांना बहुधा गुंगीचे औषध किंवा भूल द्यावी लागते. ती मुलांची सवय असलेल्या भूलतज्ज्ञांनी, सर्व साधने हाताशी ठेवून द्यावी. किती तास उपाशी ठेवायचे ते काटेकोर पाळावे. लेकरू रडते म्हणून आजीने पदराआड बिस्किट दिले, की भुलेत उलटी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. आजीला हे घरून निघण्याआधीच समजावून सांगावे. मोठी मुले मात्र भुलेवाचून राहू शकतात. आधी आठवडाभर घरी खाटेखाली निजवून "पुतळा" होण्याचा खेळ खेळावा आणि कोण जास्त वेळ हलत नाही ते मोजावे. कानात बोळे घालतात, आणि पुष्कळ ठिकाणी आई किंवा वडील जवळ बसू शकतात.

तीन, गॅडोलिनियम. मुलाला मूत्रपिंडाचा आजार असेल तर सांगावे. या औषधाचा अल्प अंश शरीरात राहतो असे आढळले आहे. म्हणून गरज असेल तेथे ते द्यावे, सवयीने देऊ नये. जबड्यासाठी ते लागते, मांडीच्या स्नायूंसाठी बहुधा लागत नाही. डॉक्टरांना विचारण्यात संकोच कसला?

खर्चाचा हिशेब

आता पैशाचे. एका एम.आर.आय.ला काही हजार रुपये पडतात, भूल व सुई धरून अधिक. ज्याचा उसाचा हप्ता अजून कारखान्याकडून यायचा आहे त्याला हे हजार सोसायटीतून किंवा सावकाराकडून उचलावे लागतात. कुणी दुभती म्हैस विकतो. आणि खेदाची गोष्ट अशी, की पुष्कळदा सगळा पैसा तपासणीतच संपतो. मुलाच्या संधिवाताचा उपचार महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे चालतो. सांध्यात द्यावयाचे इंजेक्शन, मेथोट्रेक्झेट, गरज पडल्यास त्याहून महाग जैविक औषधे, व्यायाम, डोळ्यांची तपासणी, प्रवास, हे सर्व पुढे असते. बी-बियाण्याचे पैसे मातीपरीक्षणातच संपवले तर पेरणी कशाने करावयाची?

येथे एक सूचना ओघाने करतो. मेथोट्रेक्झेट या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते, रोज नव्हे. रोज घेतल्यास ते जिवावर बेतते. वार ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी.

आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ पासून सुरू आहे आणि तीत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतो. पण ही योजना मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. बाहेरच्या केंद्रात जाऊन काढलेली एम.आर.आय. तीत बसेलच असे नाही. म्हणून आधी सरकारी जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी आणि तेथील योजनेच्या खिडकीवर कागद दाखवावेत. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील पथक अंगणवाडीत व सरकारी शाळेत मुले तपासायला येते. लंगडणारे मूल त्या दिवशी घरी ठेवू नका, त्यांच्यापुढे उभे करा.

चिठ्ठी हातात पडली की डॉक्टरांना पाच गोष्टी विचाराव्यात, नम्रपणे पण उत्तर मिळेपर्यंत. या तपासणीतून आपल्याला नेमके काय कळायचे आहे? उत्तर एक आले तर काय कराल आणि दुसरे आले तर काय? सोनोग्राफीने भागेल का? सुई आणि भूल लागणार का? आणि अहवाल मुलांच्या सांध्यांची माहिती असलेले डॉक्टर पाहणार का? उत्तर काहीही आले तरी उपचार तोच राहणार असेल, तर ती तपासणी आज न केली तरी चालेल. उपचार बदलणार असेल, तर म्हैस विकण्याआधी नातेवाइकांना, धर्मग्रामातील मदतनिधीला, जे कोणी हात देईल त्यांना विचारा, पण तपासणी करा. एकदा काढलेली फिल्म आणि सी.डी. जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना ती न नेल्यामुळे तीच तपासणी पुन्हा करावी लागणे यासारखा व्यर्थ खर्च नाही.

डॉक्टर मंडळींकडेही आमचे एक मागणे आहे. खेड्यातला माणूस प्रश्न विचारत नाही याचा अर्थ त्याला प्रश्न नाहीत असा नव्हे. चिठ्ठीवर "एम.आर.आय. गुडघा" एवढेच न लिहिता, कशाची शंका आहे हेही लिहावे, म्हणजे चित्र वाचणाऱ्यालाही काय शोधायचे ते कळेल. आणि मुलाला बालसंधिवाताच्या तज्ज्ञाकडे पाठविण्याची गरज असेल तर तपासण्यांची माळ लावण्याआधी पाठवावे. असे तज्ज्ञ आपल्या देशात थोडे आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. तेथवरच्या प्रवासाला पैसे शिल्लक राहिले पाहिजेत.

शेवटी आपल्या सर्वांचे काम. मुलाचे लंगडणे प्रथम दिसते ते यंत्राला नव्हे. ते शाळेतल्या बाईंना दिसते, धर्मशिक्षणाच्या वर्गात मूल गुडघे टेकताना थांबते तेव्हा दिसते, सकाळी गोठ्याकडे जाणाऱ्या आजोबांना दिसते. सहा आठवडे सूज टिकली, किंवा रोज सकाळी मूल आखडून उठू लागले, तर कुणीतरी त्याच्या आईला सांगावे, "लेप पुरे झाला, याला बालरोगतज्ज्ञांना दाखव." हे सांगायला पैसे पडत नाहीत. वेळेवर उपचार मिळालेली यातली बहुतेक मुले इतरांसारखी शाळेत जातात, खेळतात आणि पुढे शेतही कसतात.